कॉम्प्युटरचा ताप आणि मोठा कूलर

आज आपण कॉम्प्युटरच्या तापाविषयी बोलणार आहोत. कुणी सातबारा नि दाखले काढून देते, कुणी लग्नपत्रिका नि फ्लेक्सची डिझाइनं करते, कुणी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, आणि आम्ही कार्यक्रमांचे आवाज कापतो-जोडतो. ज्यांचं काम टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यांना एप्रिल-मे महिन्यांत एक अनुभव येतोच. सकाळी धडधाकट असलेलं मशीन दुपारी दोनच्या सुमाराला रेंगाळायला लागतं. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावतो. एखाद्या दिवशी काम अर्ध्यावर असताना ते आपोआप बंद पडतं आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं.

अशा वेळी सल्ले दोन मिळतात. एक, नवीन मशीन घ्या. दोन, मोठा कूलर बसवा. पहिला सल्ला खिशाला फार जड पडतो. दुसरा कधी अगदी योग्य असतो, कधी अनाठायी. तो आपल्या मशीनला लागू आहे का हे कसं ओळखायचं, आणि लागू असेल तर कूलर आपल्या हातांनी कसा बसवायचा, एवढंच आज पाहू. आधीच सांगून ठेवतो, या कामाला ताकद फारशी लागत नाही. माप लागतं आणि सवड लागते. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला जे कळतं, त्यातलं निम्मं इथे उपयोगी पडतं.

सुरुवातीला एक शब्द नीट करून घेऊ. टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला आपण सगळ्या 'सीपीयू' म्हणतो. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. त्याचं बाजूचं झाकण काढलं की आत मोठी पाटी दिसते, तो मदरबोर्ड. त्या पाटीवर एका पंख्याखाली काडेपेटीच्या आकाराचा चपटा तुकडा झाकलेला असतो. तो प्रोसेसर, आणि सीपीयू म्हणायचं ते त्याला. सगळी आकडेमोड तोच करतो आणि तापतोही तोच.

किती तापतो? इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर घ्या. कागदावर तो ६५ वॉटचा आहे, पण भर कामात ११७ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आठवा. जळत असताना त्याला बोट लावायची सोय नव्हती. तसल्या जवळजवळ दोन बल्बांची उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती ताबडतोब दूर नेली नाही तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन प्रोसेसरांची ९० ते ९५. त्या हद्दीला टेकलं की मशीन रेंगाळतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर बंद होतं. म्हणजे ते बंद पडणं हे बिघाडाचंच लक्षण असतं असं नाही. बऱ्याचदा प्रोसेसर स्वतःला वाचवत असतो.

आता कूलर म्हणजे काय ते पाहू. नाव कूलर असलं तरी त्यात गारवा तयार होत नाही. तो फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. प्रोसेसरबरोबर डब्यात मिळणारा छोटा कूलर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक गोल गठ्ठा आणि वर पंखा. मोठ्या कूलरची रचना वेगळी. खाली प्रोसेसरला टेकणारा तळ, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि त्या नळ्यांत ओवलेल्या पातळ पात्यांचा उभा मनोरा. म्हणून त्याला टॉवर कूलर म्हणतात. मनोऱ्याला एका बाजूनं किंवा दोन्ही बाजूंनी पंखा लावलेला असतो.

गंमत त्या नळ्यांत आहे. बाहेरून भरीव दिसतात, पण आतून पोकळ असतात. आतली हवा काढून टाकलेली असते आणि थोडंसं पाणी भरून तोंड बंद केलेलं असतं. हवेचा दाब नसला की पाणी कमी तापमानालाही उकळतं. खालच्या टोकाला प्रोसेसरच्या आचेनं त्या पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड पात्यांपाशी तिचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी खाली झिरपतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून पाण्याचे थेंब ओघळतात ना? तोच खेळ, न थांबता. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी प्रत्यक्ष बनवून दाखवली. पुढे ती अंतराळयानांत गेली आणि आता आपल्या टेबलाखाली आली आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याच्या वरच राहणार. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर-टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल, मागची जाळी भिंतीला चिकटलेली असेल, तर कितीही महाग कूलर त्याच गरम हवेत घुसळत बसेल. म्हणून सगळ्यात पहिला उपाय बिनपैशाचा. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा, उन्हाच्या खिडकीपासून लांब न्या.

दुसरा उपाय साफसफाईचा. आपल्याकडची धूळ साधी नसते. तिच्यात कापसाचे तंतू असतात, उदबत्तीची काजळी असते, स्वयंपाकघर जवळ असलं तर फोडणीचा तेलकटपणा असतो. या सगळ्याचं कूलरच्या पात्यांत जाड कांबळं तयार होतं. मशीन बंद करून, वायर काढून, मऊ कोरड्या ब्रशनं ती झटकायची. झटकताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्यामुळे स्थिर वीज तयार होते आणि मदरबोर्डवरचे नाजूक भाग जाऊ शकतात.

तिसरा उपाय पेस्ट बदलण्याचा. प्रोसेसर आणि कूलर यांचे पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसतात, पण बारीक खळगे दोन्हींना असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. काही वर्षांनी ती वाळून खडूसारखी होते. अनेक मशीनं नुसत्या साफसफाईनं आणि नव्या पेस्टनं पूर्ववत होतात.

हे तीन उपाय करण्याआधी आणि केल्यानंतर तापमान लिहून ठेवा. एचडब्ल्यू-मॉनिटर किंवा कोअर टेम्प अशा मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं. वहीत तीन रकाने पाडा: खोलीचं तापमान, मशीन नुसतंच चालू असतानाचं तापमान, आणि पंधरा मिनिटं जड काम केल्यानंतरचं तापमान. खोलीचा रकाना विसरू नका. मे महिन्यातला आकडा आणि डिसेंबरमधला आकडा यांची तुलना करून काही कळत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी वर आहे, तो फरक पाहायचा. सगळं करूनही जड कामात आकडा ९०च्या पुढे जात असेल आणि काम रखडत असेल, तर मोठ्या कूलरवर खर्च करण्यात अर्थ आहे. व्हिडिओचं एडिटिंग तासन्‌तास चालत असेल तर तो बहुधा लागतोच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'के' अक्षर असतं, त्यांच्याबरोबर हल्ली कूलर येतच नाही; तिथे तो विकतच घ्यावा लागतो. पण नुसते अर्ज भरायचे, प्रिंट काढायच्या, टायपिंग करायचं, तर साफ ठेवलेला मूळचा छोटा कूलर पुरतो. ते पैसे चांगल्या यूपीएससाठी ठेवा.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा.

पहिली, उंची. कॅबिनेटचं झाकण काढा आणि शिवणकामाच्या टेपनं मदरबोर्डच्या पाटीपासून झाकणाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. प्रोसेसरची जाडी त्यातून थोडी वजा होते, म्हणून मापाला एक सेंटिमीटर कमी धरा. कॅबिनेटचं माहितीपत्रक असेल तर त्यात कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती जास्त भरवशाची. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. १६० मिलिमीटर जागा असलेल्या कॅबिनेटात तो ठेवला तर झाकण लागणारच नाही. पाच मिलिमीटरचा प्रश्न, पण सगळा खर्च वाया.

दुसरी, शेजारी. प्रोसेसरच्या बाजूला रॅमच्या उभ्या पट्ट्या असतात. मोठ्या कूलरचा पुढचा पंखा त्यांच्यावर येतो. याच एनएच-डी१५ कूलरला दोन्ही पंखे लावले तर पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर जागा राहते. साधी रॅम सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते, ती बसते. रंगीत दिव्यांची, पत्र्याचं कवच असलेली रॅम त्याहून उंच असते, ती अडते.

तिसरी, सॉकेट. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि कूलरचे स्क्रू तिच्या चार बाजूंच्या भोकांत जातात. इंटेलच्या १२०० सॉकेटपर्यंत ही भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती. २०२१ साली आलेल्या १७०० सॉकेटला ती ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुन्या कूलरच्या पट्ट्या नव्या बोर्डाला लागत नाहीत. एएमडीचे एएम-४ आणि एएम-५ हे सॉकेट निराळे. आपल्या मदरबोर्डचं नाव आणि सॉकेट लिहून न्या आणि कूलरच्या खोक्यावर तेच नाव आहे का ते वाचा.

चौथी, कॅबिनेटचा प्रकार. मोठ्या कंपन्यांचे तयार, सडपातळ डेस्कटॉप असतात, त्यांत टॉवर कूलर सहसा मावत नाही. काहींच्या पंख्याच्या वायरचं तोंडही वेगळं असतं. तिथे कमी उंचीचा कूलर शोधावा किंवा साफसफाईवर समाधान मानावं. मशीन वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा.

आता प्रत्यक्ष बसवणं. दोन तासांची निवांत वेळ काढा. मध्येच कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल असं चालणार नाही. नायलॉन किंवा सिंथेटिक साडीपेक्षा सुती कपडे बरे, त्यात स्थिर वीज कमी. बांगड्या नि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा, ओढणी बांधून घ्या. हाताशी स्टार स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चष्मा पुसायचं मऊ कापड आणि सुटलेल्या स्क्रूंसाठी दोन वाट्या असू द्या. काम सुरू करण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे जुनी पेस्ट मऊ होईल. मग बंद करून भिंतीतली वायर काढा, चालू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कॅबिनेट आडवं झोपवा.

जुन्या कूलरच्या पंख्याची वायर आधी काढा. इंटेलच्या छोट्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांवरच्या बाणाच्या दिशेनं फिरवून त्या वर ओढायच्या. एएमडीच्या एएम-४ बोर्डावर विशेष जपावं लागतं. त्या प्रोसेसरला खाली पिनांची दाट रांग असते आणि पेस्ट चिकटलेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून सरळ वर खेचू नका. आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळून चिकटण सोडवा, मग उचला. एएम-४ची आणखी एक खोड म्हणजे पुढच्या पट्ट्यांचे स्क्रू काढले की बोर्डामागची आधारपट्टी सुटून पडते. ती बऱ्याच कूलरांना पुन्हा लागते, तेव्हा मागून हातानं धरून ठेवा.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट अल्कोहोलनं भिजवलेल्या कापडानं पुसा. चकचकीत धातू दिसला पाहिजे. मग मागची आधारपट्टी आणि पुढच्या पट्ट्या खोक्यातल्या चित्राप्रमाणे लावा. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला या कामासाठी बहुधा मोठी खिडकी ठेवलेली असते. ती नसेल तर मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. त्याचा धीर होत नसेल तर तेवढं काम जाणकाराकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. रॅम आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यातली प्रोसेसरच्या विजेची वायर नीट बसली आहे ना, ते आत्ताच पाहा. मोठा कूलर एकदा बसला की तिथे बोटं जात नाहीत.

कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असू शकतं, ते सोला. प्रोसेसरच्या मध्यावर तुरीच्या दाण्याएवढा पेस्टचा ठिपका ठेवा. पसरवायची गरज नाही, दाबानं ती आपोआप पसरते. जास्त लावली तर कडेनं ओघळते आणि फायदा काही होत नाही. 'लिक्विड मेटल' नावाची महाग पेस्ट कुणी सुचवली तर नको म्हणा. तिच्यातून वीज वाहते, आणि तिच्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं.

आता कूलर सरळ खाली ठेवा. ठेवल्यावर उचलून पाहायचा मोह टाळा, नाहीतर पेस्टमध्ये हवा शिरते. स्क्रू एकदम पूर्ण आवळू नका. एका कोपऱ्याला दोन फेरे, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्याला दोन फेरे, असं आळीपाळीनं करा. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी उचलली जाते आणि तळ तिरपा बसतो. स्क्रू आपोआप थांबला की थांबायचं. त्यापुढे जोर लावला तर बोर्ड वाकतो.

राहिला पंखा. हवा कॅबिनेटच्या पुढून येऊन मागच्या जाळीतून बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट दिसते, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. ती बाजू मागे करा. वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या खुंटीवरच लावा.

झाकण न लावता मशीन चालू करा. पंखा फिरतोय का, आणि कुठली वायर पात्याला अडत नाही ना, ते पाहा. चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा. तिथे तापमान दिसतं. पाच मिनिटं थांबा. आकडा एका जागी स्थिरावला तर बसवणं जमलं. भराभर ८०-९०च्या वर चढायला लागला तर लगेच बंद करा. तळाचं प्लॅस्टिक राहिलं असेल, किंवा कूलर तिरपा बसला असेल. पुन्हा उघडायचं, पुसायचं, नवी पेस्ट लावायची. सगळं ठीक असेल तर वहीतला तिसरा रकाना पुन्हा भरा. खर्च वसूल झाला की नाही, ते तो आकडाच सांगेल.

एक शेवटची सूचना, आपल्या रस्त्यांकडे पाहून. पंख्यांसकट एनएच-डी१५चं वजन १३२० ग्रॅम आहे. कॅबिनेट उभं असताना एवढा भार बोर्डावर आडवा लटकतो. जागच्या जागी ते चालतं, पण टेम्पोत किंवा एसटीत खड्ड्यांतून नेताना त्याचे हिसके सॉकेटला बसतात. मशीन हलवायचं असेल तर मदरबोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं आडवं ठेवून न्या. लांबच्या प्रवासाला पाठवायचं असेल तर कूलर काढूनच पाठवा.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं आम्ही म्हणत नाही. दुकानदाराकडे दिलं तरी चालेल. पण देताना तापमानांची वही बरोबर न्या. उंची किती, सॉकेट कुठला, रॅमला जागा राहते का, पेस्ट नवी लावणार का, हे चार प्रश्न विचारा. ज्या मशीनवर घरातला पैसा येतो, त्याच्या आत काय चाललंय हे मशीनच्या मालकिणीला ठाऊक असायला हवं. तेवढं ठाऊक असलं की नवीन मशीन घ्यायची वेळ खरंच आली आहे का, हे ठरवणंही तिच्याच हातात राहतं.